काचबिंदूच्या ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली तर? दुरुस्ती कशी होते, जाणून घ्या

काचबिंदूत बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू खराब होते. थेंब आणि लेझरने दाब आटोक्यात आला नाही, तर 'ट्रॅबेक्युलेक्टॉमी' करतात. केर्न्स यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. यात वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात छोटं झाकण करून आतल्या पाण्याला वाट दिली जाते. तिथे जो फुगवटा येतो, त्याला 'ब्लेब' म्हणतात.

गळती : वाट बुजू नये म्हणून मायटोमायसिन-सी हे औषध लावतात. त्यामुळे काहींचा ब्लेब पुढे फार पातळ होऊन गळू लागतो. दाब खूपच उतरला, तर मागचा पडदा सुरकुततो आणि नजर अंधुक होते. डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात गळती शोधतात. छोटी गळती थेंब आणि बँडेज लेन्सने थांबू शकते. नाहीच थांबली, तर पातळ भाग काढून शेजारचं निरोगी आवरण पुढे ओढून टाके घालतात. आतलं झाकण सैल असेल, तर तेही पुन्हा शिवतात.

वाट बुजणे : जखमेचा व्रण तयार होऊन दाब परत चढतो. अशा वेळी बारीक सुईने चिकटलेले पापुद्रे सोडवतात. याला 'नीडलिंग' म्हणतात. तेवढ्याने भागलं नाही, तर नवीन ऑपरेशन किंवा नळी बसवावी लागते.

नळी उघडी पडणे : नळीवरचं आवरण झिजलं, तर दात्याच्या डोळ्यातील ऊतीचं ठिगळ लावून ती पुन्हा झाकतात.

दुरुस्तीनंतर दाब वाढून थेंब पुन्हा सुरू करावे लागू शकतात. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही.

हे विसरू नका : ऑपरेशनला कितीही वर्षं झाली असली तरी डोळा लाल होणं, दुखणं, पू येणं, पाणी गळणं किंवा नजर अचानक कमी होणं ही जंतुसंसर्गाची खूण असू शकते. 'डोळे आलेत' म्हणून घरचे थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. ऑपरेशन मिरज-कोल्हापुरात आणि राहणं बेळगाव-निपाणीत असेल, तर पहिल्या डॉक्टरांची वाट न पाहता जवळच्या नेत्र रुग्णालयात जा. डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवा आणि 'काचबिंदूचं ऑपरेशन झालंय' हे सगळ्यात आधी सांगा.