घाट उतरणारी मेंढी

दख्खनी मेंढी अंगाने लहान, लोकर राठ आणि तीही वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो. म्हणून विसाव्या शतकात सरकारी पैदास केंद्रांनी मेरिनो आणि रॅम्बुले नरांशी संकर करून तिला सुधारायला घेतले. माझ्या मते ती आधीच घडलेली होती, चालण्यासाठी. माणदेश, नगर, नाशिककडच्या कोरड्या माळांवरचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येत, भात कापलेल्या खाचरांत मेंढ्या बसवत, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेत आणि पावसाआधी देशावर परतत. या वाटेवर जी मेंढी मागे पडे ती खाटकाकडे जाई. जी टिके तिचीच वीण वाढे. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने राजस्थानच्या मालपुरा मेंढ्यांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. ऊन, अपुरा चारा आणि लांबची चाल यांपैकी एकेक ताण मेंढी बऱ्यापैकी सोसते, तिन्ही एकदम आले की वजन आणि प्रजनन दोन्ही घसरतात. स्थलांतरात हे तिन्ही सोबतच चालतात.

यावर कोणी म्हणेल, एवढी काटक आहे तर ती कोकणात, उदाहरणार्थ वसईत, बारमाही का राहत नाही? तिथल्या पारोळ-भाताण्याकडे भातशेती आहे, हिरवळही आहे. उत्तर हवेत आहे. मेंढी अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर घालवते आणि समुद्राकाठच्या दमट हवेत धाप पुरी पडत नाही. पावसाळ्यात चिखलाने खूर सडतात ते वेगळेच. दख्खनी मेंढीचा काटकपणा कोरड्या उन्हापुरता आहे, हे मेंढपाळांनी प्रयोगशाळेआधी ओळखले आणि मुक्कामाचे महिने तसेच ठरवले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: दख्खनी मेंढीचा काळा रंग ऊन शोषतो. खरे आहे, पण विरळ, राठ लोकरीतून वारा खेळतो, आणि कळप सकाळी-संध्याकाळी चालवून भर दुपारी सावलीत थांबवला जातो. मेरिनोची दाट लोकर आणि तिला लागणारा भरपूर चारा या वाटेला मानवणारे नव्हते.

मेंढपाळ बदलाला नाही म्हणतात असेही नाही. जत तालुक्यातली उंच, लांब पायांची माडग्याळ मेंढी मांसासाठी त्यांनी स्वतःहून पसंत केली. पैदास केंद्रांनी नर निवडताना वजन आणि लोकर पाहावी, पण आधी त्याला उन्हात चालवून पाहावे.