नांगराची ओतशाळा

श्रोतेहो, यवतमाळ जिल्ह्यातील काळी जमीन ज्यांनी ऐन उन्हाळ्यात पाहिली असेल, त्यांना तिच्या रुंद भेगा आठवत असतील. पावसाळ्यात हीच जमीन मेणासारखी चिकट होते. आणि तिच्यात हराळीने किंवा कुंद्याने एकदा मूळ धरले, की वखराची पास वरच्यावर फिरून जाते व खालची मुळे शाबूत राहतात. ती उपसून उन्हात पालथी घालावयाची, तर लोखंडी नांगर हवा. माझे शिक्षकी आयुष्य ह्याच मुलखात गेले. ‘लोखंडी नांगर आला कोठून?’ असे मी वर्गात विचारीत असे, आणि ‘बाजारातून’ असे उत्तर येई. त्या बाजाराच्या पलीकडे, मराठी मुलखात हा नांगर रुजविणाऱ्या दक्षिण महाराष्ट्रातील एका ओतशाळेपर्यंत आज आपण जाऊ.

लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; परंतु रंगांतील भेद डोळ्यांना नीट उमगेना, म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. मुंबईहून ते सायकली धाडीत व बेळगावी बंधू रामूअण्णा त्या विकीत. पुढे नोकरी सोडून त्यांनी बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व त्यामागून लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला.

नांगर झाला; पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे 2 वर्षे लागली, असे सांगतात. आपण शहरवासी ही हकीकत ऐकून हसतो. मला मात्र हसू येत नाही. ज्याच्यापाशी एक शेत व एक बैलजोडी, त्याचा प्रयोग फसला तर वर्षाचे अन्न जाते. शिवाय खोल नांगरटीला एक जोडी पुरत नाही. शेजाऱ्यांशी सावड करून दोनतीन जोड्या जुंपाव्या लागतात. तेव्हा कुणब्याचा नकार हे निव्वळ अज्ञान नव्हते. त्यात हिशेबही होता, आणि त्या हिशेबाला उत्तर देणे कारखानदाराला भाग होते.

ते उत्तर ओतशाळेतच शोधावयाचे होते. लाकडी नमुना ओलसर वाळूत दाबून साचा करावा, भट्टीत कोळसा, चुनखडी व बीड ह्यांचे थर रचावे, आणि रस होताच तो साच्यात ओतावा, एवढे काम वरवर सोपे दिसते. पण रस सावकाश निवाला तर बीड मऊ राहते; झटकन निवाला तर कठीण परंतु ठिसूळ होते. फाळाची धार झिजू नये आणि अंगही फुटू नये, हा मेळ ज्याला साधला तोच खरा ओतारी.

1910 साली बेळगावची जागा सोडणे प्राप्त झाले. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर माळ दिला. निवडुंग आणि नाग ह्यांचेच तेथे राज्य होते. 10 मार्च 1910 रोजी कामास प्रारंभ झाला, आणि त्या वसाहतीचे, तसेच पुढे स्टेशनाचेही, नाव किर्लोस्करवाडी पडले. तेथील सोबत्यांपैकी शंभूराव जांभेकर व अनंतराव फळणीकर ह्यांच्यापाशी पदवी नव्हती; हात होता आणि दृष्टी होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी राखणीचा भार टाकला, आणि ती विश्वासास उतरली. माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला ह्या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते.

1914 च्या महायुद्धात परदेशी नांगर येईनासे झाले व मागणी वाढली. पण त्याच वेळी लोखंड व कोळसा दुर्मिळ झाला. अशा समयी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा दिल्या, आणि त्यांचे नांगर झाले. 1920 साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. 1926 पासून तेथे पाण्याचे पंप होऊ लागले. 1948 च्या जाळपोळीत कारखान्याची मोठी हानी झाली. तरी तो पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव 1956 साली निवर्तले. किर्लोस्करवाडी आज मुख्यतः पंपांसाठी ओळखली जाते.

आज आमच्या कापसाच्या मुलखात ट्रॅक्टर फिरतो. महाग बियाणे येते, नवी अवजारे येतात, आणि ती घेण्यास शेतकरी कचरला तर त्याला मागासलेला म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापुढे मी तेच पहिले नांगर ठेवू इच्छितो. घेणारा 2 वर्षे थांबला, म्हणून करणाऱ्याने त्याला दोष दिला नाही. आपला नांगर अधिक चांगला केला. कर्ज शेतकऱ्याच्या नावावर चढते. तेव्हा शंका घेण्याचा पहिला अधिकारही त्याचाच आहे.