शेगडीवर तापणारी चेन
मोटारसायकलची चेन झिजते ती आतून, पिन आणि तिच्यावरच्या बुशच्या, म्हणजे पोकळ नळीच्या, मधल्या नजरेआडच्या फटीत.

पिन, बुश आणि रोलरची ही रचना हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याची. १८७९ मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या सॅल्फर्डचा चेनचा छोटा कारखाना घेतला, आणि १८८० मध्ये बुश-रोलर चेन घडवली. आधी कापडगिरण्यांची यंत्रं, मग सायकली, मग मोटारसायकली.

वरून सोडलेलं तेल वेगात उडून जाई. म्हणून ब्रिटनमधले हौशी चालक चेन थेट स्वयंपाकघरात नेत. ती रॉकेलमध्ये धुवायची, वाळवायची, ग्राफाइटमिश्रित ग्रीसच्या पसरट डब्यात वेटोळं करून ठेवायची आणि डबा मंद आचेवर चढवायचा. पातळ झालेलं ग्रीस बुशात शिरे आणि गार होताच तिथंच थिजे. मग चेन टांगून निथळवायची. वेळखाऊ काम, पण चेनची प्रत्येक कडी त्यात हाताखालून जाई. यंत्राशी अशी ओळख दुसऱ्या कशानं होत नाही.

१९७० च्या दशकात ओ-रिंग चेन आली. ग्रीस कारखान्यातच आत भरून रबरी रिंगांनी कोंडलेलं. अशी चेन शेगडीवर ठेवली किंवा पेट्रोलनं धुतली, तर रिंगा खराब होतात. तिला रॉकेलचं फडकं, मऊ ब्रश आणि रोलर गंजू नयेत म्हणून वरून तेलाचा हात पुरतो. पावसाळ्यात तो लवकर लवकर फिरवावा लागतो.