दस्तक आणि निशाण

रत्नागिरी जिल्ह्यांत हर्णैसमोर भरसमुद्रांत सुवर्णदुर्ग उभा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या काळीं या दर्यांत फिरणाऱ्या व्यापारी गलबतांना त्यांचें दस्तक घ्यावें लागे. इ. स. १७१३ च्या तहांत इंग्रजांच्या जहाजांना उपद्रव न देण्याचें कान्होजींनीं मान्य केलें. पण इंग्रज निशाणाखालीं देशी व्यापाऱ्यांचाही माल जाऊं लागला आणि तंटा पेटला. १७१८ सालीं खांदेरीवर इंग्रजांची स्वारी होण्यापर्यंत मजल गेली. अधिकार कशानें सिद्ध व्हावा, निशाणानें कीं दस्तकानें, हा त्यांतला प्रश्न होता.

संगणकाच्या इतिहासांत हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला. तेथील कांहीं फायली नुसत्या वाचावयाच्या असतात, तर कांहीं आज्ञांनीं भरलेल्या, म्हणजे चालवावयाच्या. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून युनिक्स ही कार्यप्रणाली आकारास आली. एकाच यंत्रावर अनेकजण काम करीत. म्हणून वाचणें, लिहिणें व चालविणें यांच्या परवानग्या फाइलगणिक वेगळ्या नोंदण्याची तेथें रीत पडली. नांव कांहींही असो, चालविण्याची खूण नसेल तर फाइल स्वतः होऊन चालत नाहीं. हें झालें दस्तक.

१९८१ सालीं आलेल्या डॉसची कथा निराळी. यंत्र एकाचें, वापरणाराही एकच. मग पहारा कोणावर ठेवावयाचा? नांवाच्या शेवटीं 'कॉम', 'एक्झे' किंवा 'बॅट' हीं अक्षरें असलीं कीं फाइल चाले. हें झालें निशाण. पुढें १९९३ च्या विंडोज एनटीनें परवानग्यांची व्यवस्था आणली खरी. पण चालविण्याची मुभा बहुधा आधींच दिलेली असे, आणि फाइलीची जात नांवाच्या शेपटावरूनच ठरत राहिली.

त्याची किंमत मे २००० मध्यें कळली. प्रेमपत्राच्या नांवानें एक फाइल ई-टपालांतून जगभर पसरली. तिच्या नांवांत आधीं साध्या मजकुराचें 'टीएक्सटी' हें शेपूट होतें आणि त्यामागें आज्ञांचें 'व्हीबीएस'. विंडोज हें शेवटचें शेपूट सहसा लपवीत असे. लोकांनीं पत्र समजून तें उघडलें आणि आंतील आज्ञा चालूं लागल्या.

तरी दस्तकही निर्दोष नव्हे. युनिक्सवर खूण नसलेली आज्ञांची फाइल परवाना असलेल्या दुभाष्या कार्यक्रमाच्या हवालीं केली, तर तो ती वाचून तिच्या आज्ञा पाळतो. इंग्रज निशाणाखालीं दुसऱ्याचा माल जावा, तसाच हा प्रकार! गलबताचा परवाना पाहिला तरी आंतला माल कोणाचा, हें विचारावेंच लागतें.