भिंतीवरचं सर्टिफिकेट

भाईंदरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेडिकल होतं. भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचं सर्टिफिकेट, आणि काउंटरवर बारावी झालेला पोरगा. सर्टिफिकेटवाले काका आमच्याच बिल्डिंगमधले, पण दिवसभर दुसरीकडे नोकरीला. एकदा त्या पोराने आईला बीपीची गोळी दुप्पट पॉवरची दिली. चक्कर येऊन पडली ती. डॉक्टरांनी स्ट्रिप बघितली म्हणून कळलं तरी. पुढे तपासणी झाली आणि काकांचं नाव दोन वर्षांसाठी रजिस्टरमधून गेलं.

तेव्हा म्हटलं, बरं झालं! पण परवा काका लोकलमध्ये भेटले. "मुदत संपली रे. आता परत घेतात का बघायचं." आमच्याकडे एखाद्याचा अ‍ॅक्सेस काढला तर परत द्यायची प्रोसेस लिहिलेली असते. इथे काय असेल? म्हणून शनिवारी कायदा घेऊन बसलो.

मंडळी, गंमत बघा. इंग्रजांच्या काळात औषधाची पुडी कोणीही बांधून द्यायचा. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रांची समिती बसली. त्यानंतर १९४० मध्ये ड्रग्ज अ‍ॅक्ट आला, तो मालासाठी. माणसांसाठी फार्मसी अ‍ॅक्ट यायला १९४८ उजाडलं. आजही दुकानाचं लायसन एफडीएकडे आणि माणसाचं रजिस्ट्रेशन फार्मसी कौन्सिलकडे. प्रिस्क्रिप्शनवरचं औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यायचं, हे ४२वं कलम कधी लागू करायचं ते राज्यांवर सोडलेलं. शेवटी १९७६ च्या दुरुस्तीपासून आठ वर्षांची मुदत ठरली, म्हणजे १९८४! माणूस हवा हे पटायलाच इतकी वर्षं, मग भिंतीवर नुसता त्याचा कागद चालतो असं दुकानदारांना वाटलं तर नवल काय? २०१२ च्या सुमारास एफडीए आयुक्त महेश झगडे यांनी 'फार्मासिस्ट हजर पाहिजे' हे कडक केलं, तेव्हा केमिस्ट लोकांनी चक्क बंद पुकारले.

नाव काढायचं कलम ३६. ते पायरीपायरीने लिहिलंय. आधी म्हणणं ऐकायचं, कार्यकारी समितीने ठरवायचं, कौन्सिलने शिक्कामोर्तब करायचं, त्यानंतर तीन महिन्यांनी अंमल. तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील. बंदी कायमची किंवा ठराविक वर्षांची. आणि सर्टिफिकेट परत करायचं.

परत घ्यायचं कलम ३७ मात्र जेमतेम एका वाक्याचं. कौन्सिलला पुरेशी कारणं वाटली तर फी घेऊन नाव पुन्हा घालता येतं, कधीही. अपील फेटाळलं गेलं असेल तर सरकारची मान्यता हवी. संपलं! मधल्या काळात किती नवी औषधं आली, माणसाला आता काय येतं, चूक कळली का, यावर त्या कलमात एक शब्द नाही. २०१५ च्या नियमांत रिफ्रेशर कोर्स आले, पण ते सगळ्यांच्याच रिन्यूअलसाठी. दोन वर्षं सुट्टीवर गेलेल्या डेव्हलपरला आम्ही पहिल्या दिवशी प्रॉडक्शनला हात लावू देत नाही हो.

रविवारी हे सगळं काकांना सांगितलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, "पुरेशी कारणं... आता काय लिहू रे अर्जात?"

आईला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती भाजी निवडत होती. "तो स्वतः काउंटरवर बसणार असेल," ती म्हणाली, "तर मी त्याच्याकडूनच घेईन गोळ्या."

काकांना तेच लिहायला सांगितलंय. बघू.