बंदी, परवाना आणि पाठपुरावा : पुसद परिसरातील व्यसनोपचाराचा पूर्वेतिहास

वऱ्हाडातील मद्यविषयक शासकीय धोरणाचा इतिहास लिहिणे फारसे अवघड नाही. मद्यप्याच्या उपचाराचा इतिहास लिहिणे मात्र अवघड आहे. मद्याचे खाते होते, लिलाव होते, कर होता व त्या साऱ्याच्या नोंदी होत्या. मद्यपी या कागदपत्रांत गिऱ्हाईक, गुन्हेगार किंवा परवानाधारक म्हणून भेटतो. रोगी म्हणून तो भेटतो तो फार उशिरा. पुसद तालुक्याच्या अनुषंगाने हा क्रम पाहिल्यास, व्यसन सोडविण्याचे काम शासनाने हाती घेण्यापूर्वी ते कोणी व कसे केले, याचाही उलगडा होतो.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुसद तालुका त्या काळी बाशीम, म्हणजे आजच्या वाशीम, जिल्ह्यात होता. १९०५ साली तो जिल्हा मोडल्यावर तो यवतमाळास जोडला गेला. अरण्य, मोहाची झाडे, बंजाऱ्यांचे तांडे आणि गोंड, कोलाम, आंध यांच्या वस्त्या असलेल्या या मुलखात मोहाची दारू सणासुदीची व देवकार्याची वस्तू होती. तिच्या सेवनास रूढीची मर्यादा असे. आबकारी व्यवस्थेने गाळण्याचा व विकण्याचा हक्क पैशात मोजला. जो ठेकेदार जादा बोली बोलून दुकान घेई, त्यास रोजचे गिऱ्हाईक हवे असे. सणाची वस्तू रोजच्या बाजारात आली, ती प्रामुख्याने या मार्गाने, असे मानणे सयुक्तिक दिसते.

या बाजारास पहिले उत्तर मिळाले ते धर्ममार्गाने. पुसदपासून फार दूर नसलेल्या पोहरादेवी या क्षेत्राशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या संत सेवालाल महाराजांच्या उपदेशात मद्यत्यागास महत्त्वाचे स्थान होते. वारकरी संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्य व मांस सुटले, असा संकेत. विसाव्या शतकात गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कीर्तनातून आणि तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीभजनातून व्यसनावर सतत प्रहार केले. या साऱ्यांस केवळ उपदेश म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. माळ घालणे ही खाजगी प्रतिज्ञा नव्हे. ती गावासमक्ष होते, गळ्यात रोज दिसते आणि घालणाऱ्यास दिंडीची, भजनाची, एकादशीची सोबत देते. गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना सायंकाळी होई. गुत्ता भरण्याची वेळही तीच. मोकळी झालेली वेळ कशाने भरावी, या प्रश्नाचे उत्तर त्या प्रार्थनेत आपोआप होते. या उपायास मर्यादाही होती. माळ तुटली की मनुष्य पापी ठरे. आजारी ठरत नसे.

कायद्याने निराळी वाट धरली. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९३८ च्या दारूबंदी कायद्याखाली सागर जिल्हा, वऱ्हाडातील अकोट तालुका इत्यादी निवडक भागांपासून प्रयोगास आरंभ झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ च्या विस्तार कायद्यान्वये या भागासही लागू झाला. त्याच दुरुस्तीने रक्तातील मद्यार्काचे ०.०५ टक्के हे प्रमाण पुराव्यासाठी निश्चित केले. मद्यप्याचे रक्त प्रथमच पद्धतशीरपणे तपासले जाऊ लागले, पण ते न्यायालयासाठी. इस्पितळाशी त्या तपासणीचा संबंध नव्हता. दुसरीकडे 'आरोग्य परवाना' होता. प्रकृती राखण्यासाठी मद्य आवश्यक आहे, असे दाखविणाऱ्यास तो मिळे. ज्याची प्रकृती मद्यानेच ढासळली त्याच्यासाठी मात्र या कायद्याच्या चौकटीत तुरुंगापलीकडे फारसे काही नव्हते. परवान्याच्या शब्दांत प्रकृतीचे निमित्त अद्याप टिकून आहे, ही गोष्ट काहीशी गमतीची म्हणावी लागेल.

पुसदचेच वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत बंदी शिथिल होत गेली आणि १९७३ च्या देशी मद्य नियमांनी परवानाधारक दुकानांची चौकट पक्की केली. गावठी विषारी दारू व भ्रष्टाचार यांपेक्षा नियंत्रित विक्री बरी, हा त्यामागील युक्तिवाद निराधार नव्हता. तथापि दुकान परत आले त्या वेळी त्यासोबत उपचारकेंद्र आले नाही. धोरणातील खरी उणीव बंदी उठविण्यात नसून या विसंगतीत आहे.

दरम्यान वैद्यकशास्त्र पुढे गेले होते. दीर्घकाळ पिणाऱ्याने मद्य एकाएकी बंद केले तर हातापायांस कंप सुटतो, झटके येऊ शकतात, दोन-चार दिवसांत भ्रमावस्था येऊन प्राणावर बेतू शकते; म्हणून हा काळ औषधांच्या व जीवनसत्त्वांच्या आधाराने, वैद्यकीय देखरेखीखाली काढावा लागतो, हे सिद्ध झाले होते. १९४८ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी डायसल्फिरामचा उपयोग पुढे आणला. पण औषधाने मद्य सुटते, सुटलेले राहत नाही. हा दुसरा भाग १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'ने उचलला. भारतात तिचे कार्य १९५७ पासून सुरू झाले. माळकऱ्याचे व्रत जगजाहीर, तर येथे सदस्याचे नाव गुप्त. पण सोबतीने टिकणे हे तत्त्व दोन्हीकडे एकच. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने औषधोपचार, समुपदेशन, गटचर्चा आणि रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट यांची सांगड घातली. तेथे रुग्णास 'रुग्णमित्र' म्हणतात. पाप, गुन्हा आणि परवाना या तिन्हींहून वेगळे नाव मराठीत त्यास मिळाले.

यवतमाळात १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्यास आज वसंतराव नाईकांचेच नाव आहे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४अ पुढे समाविष्ट झाले. असे असूनही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मद्यावलंबी ३८ व्यक्तींमागे एकासच काही उपचार मिळाल्याचे आढळले. जिल्ह्यात स्त्रियांच्या 'स्वामिनी' आंदोलनाने संपूर्ण दारूबंदीची मागणी लावून धरली, तीतही भर दुकानावरच होता, आणि घरात रोज मार खाणाऱ्या स्त्रीने प्रथम दुकानाकडे बोट दाखवावे हे स्वाभाविकच आहे. विदर्भाच्याच पूर्व टोकास, १९९३ पासून दारूबंदी असलेल्या गडचिरोलीत, २०१६ साली सुरू झालेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमाने बंदीच्या अंमलबजावणीसोबत तालुक्याच्या ठिकाणी उपचार-चिकित्सालये व गावोगाव शिबिरे सुरू केली. पुसदच्या तांड्यावरून उपचारासाठी दूरच्या शहरी गेलेला मनुष्य चार-सहा आठवड्यांनी घरी परततो, तेव्हा दुकान जागेवरच असते. त्याला दर आठवड्यास भेटणारा गट तेथे आहे की नाही, यावर पुढचे वर्ष ठरते.