पापणीवरची परीक्षा



आपल्या बीड जिल्ह्यात माकडांची ओळख करून द्यावी लागत नाही. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर लिंबावरून माळवदावर उतरते, हरभऱ्याच्या रानात शिरते आणि मारुतीच्या पारावरही बसते. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लऊळ गावात वानरांनी कुत्र्यांची पिले उचलून नेल्याची बातमी देशभर गाजली. वनखात्याने दोन वानरे पकडून नागपूरकडे नेली, तेव्हा कुठे गावाने सुस्कारा सोडला.

माकड पिंजऱ्यात आले की आपल्याला त्याच्या दातांची आणि नखांची धास्ती वाटते. जनावरांच्या डॉक्टरांना दुसरीच काळजी असते. या माकडाला क्षय तर नाही ना? आणि असला, तर तो त्याला आला कोठून?

उत्तर ऐकून नवल वाटेल. रानात मोकळ्या हिंडणाऱ्या माकडांत क्षयरोग क्वचितच आढळतो. तो पिंजऱ्यातल्या माकडांचा रोग आहे, आणि बहुतेक वेळा तो त्यांना माणसाकडूनच मिळतो. पकडणारा, चारा-पाणी घालणारा किंवा पिंजऱ्यापाशी उभा राहून खोकणारा, कोणीही त्याला कारण होतो.

या रोगाचा शोध कसा लागला ते थोडक्यात पाहू. आपल्या वैद्यांना तो राजयक्ष्मा या नावाने फार पूर्वीपासून माहीत होता. पण तो जंतूमुळे होतो हे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले. पुढे १८९० मध्ये त्यांनी त्याच जंतूंपासून ट्युबरक्युलीन नावाचा अर्क काढला. हे क्षयावरचे औषध ठरेल अशी त्यांची आशा होती. औषध म्हणून तो फसला, पण दुसऱ्याच कामाला आला. ज्याच्या शरीरात क्षयाचे जंतू शिरले आहेत, त्याच्या कातडीत हा अर्क टोचला तर ती जागा सुजते. १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या पिर्के यांनी आणि १९०८ मध्ये फ्रान्सच्या मांतू यांनी या गुणाचा उपयोग करून माणसासाठी परीक्षा बसवली. मांतूंची परीक्षा दवाखान्यांतून आजही होते.

आता माकडांकडे वळू. १९५० नंतरच्या काळात बालपक्षाघाताची, म्हणजे पोलिओची, लस तयार करण्यासाठी माकडांच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. त्यासाठी उत्तर भारतातून लाखो तांबड्या तोंडाची माकडे परदेशी रवाना झाली. भारत सरकारने १९५५ मध्ये काही काळ ही निर्यात थांबवली आणि १९७८ पासून ती पुरती बंद केली. रानातून धरलेली माकडे दाटीवाटीने कोंडायची, मग आगगाडी, मग विमान. एखाद्याला वाटेत माणसाकडून क्षय लागला, की शेजारच्या पिंजऱ्यांत तो पसरायला वेळ लागत नसे. म्हणून नव्या माकडांना काही आठवडे वेगळे ठेवायचे आणि पुन्हापुन्हा तपासायचे, असा दंडक पडला.

ही तपासणी करतात कशी, तेही पाहण्यासारखे आहे. माकड आजार लपवते. खाते, उड्या मारते, आणि एके दिवशी मरून पडलेले दिसते. आत पाहावे तर फुप्फुसभर गाठी! तेव्हा नुसत्या डोळ्यांनी पाहून भागत नाही. माकडाला गुंगी देऊन किंवा घट्ट धरून, बारीक सुईने वरच्या पापणीच्या कातडीत ट्युबरक्युलीनचा थेंबभर अंश टोचतात. पापणीच का? तर तिथली सूज पिंजऱ्याबाहेरून दिसते; माकडाला पुन्हा धरावे लागत नाही. माणसाला पुरते त्याच्या शेकडो पट जोराची मात्रा माकडाला लागते. मग २४, ४८ आणि ७२ तासांनी पापणी पाहायची. किंचित लाली आली तर भिण्याचे कारण नाही. पापणी सुजून खाली लोंबली, डोळा मिटू लागला, तर संशय पक्का धरतात.

पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, मंडळी. नुकतीच लागण झालेली असेल तर पापणी सुजत नाही. उलट, रोग अगदी हाडापर्यंत मुरला असेल तरीही सुजत नाही, कारण शरीराची झुंजण्याची ताकदच संपलेली असते. म्हणजे कळपातले सर्वांत आजारी माकडच परीक्षेत निरोगी ठरायचे! म्हणून दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने परीक्षा पुन्हा घेतात. जोडीला क्ष-किरणांचा फोटो, जठरातून काढलेल्या द्रवाची तपासणी, जंतूंची वाढ करून पाहणे आणि अलीकडच्या रक्ताच्या चाचण्या असतात. जंतू वाढायला कित्येक आठवडे जातात, तेव्हा धीर धरावा लागतो. आणि ज्या ठिकाणी हे काम नीट चालते, तिथे माकडांबरोबर त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांचीही क्षयाची तपासणी होते. रोगाचे मूळ तिकडेच असण्याचा संभव असतो ना!

याच्या उलट उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातले आहे. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध केला, तेव्हा गोचिडांतून पसरणारा आणि माणसालाही जडणारा नवा विषाणू सापडला. तिथे माकडाने माणसाला धोक्याची सूचना दिली. क्षयाच्या बाबतीत मात्र माणूसच माकडाचा धोका आहे.

बीडकरांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, माकड पाळू नये आणि नाचवूही नये. १९९८ च्या अधिसूचनेने माकडांचे खेळ करण्यास बंदी आहे. पारावरच्या वानराला आपले उष्टे देऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोपीत दाटीने राहायचे, पहाटे फडावर जायचे, आणि खोकला झाला तर अंगावर काढायचा. क्षयाचे औषध किमान सहा महिने चालते आणि तोडणीचा हंगामही जवळपास तेवढाच. औषध मध्येच सुटले की जंतू निर्ढावतात. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती करून घ्यावी. औषध चालू असेल, तर गाव सोडण्याआधी आरोग्य केंद्रात सांगावे, म्हणजे पुढच्या मुक्कामी ते मिळण्याची तजवीज होते. गुरुजींनी एवढे करावे: वर्गातले मूल आई-बापांबरोबर निघाले, की घरात कोणी खोकते आहे का, हे एकदा विचारावे.

पिंजऱ्यातल्या मुक्या जनावराची तपासणी पुन्हापुन्हा होते. घरातल्या खोकणाऱ्या माणसाची निदान एकदा तरी व्हावी.